सॅक्स सोलो घेत असताना कीबोर्डवाल्याने काय करायचं?

ट्रान्सपोज_प्लस_एक

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरचा, राहायला उचगावात. सात वर्षं ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतोय. हळदी, वाढदिवस, गणपतीतले कार्यक्रम, मिळेल ते. लहानपणी पेटी शिकलो, चार परीक्षा दिल्या, पाचवी राहिली ती राहिलीच.

ताराबाई पार्कात एक नवीन कॅफे सुरू झालाय. मालकाला शनिवारी संध्याकाळी 'जॅझ' पाहिजे. म्हणजे नेमकं काय ते त्यालाही माहीत नाही आणि मलाही, पण महिन्याचे चार शनिवार आणि वर जेवण, म्हणून हो म्हटलं. आम्ही चौघं आहोत. मी, बेस गिटारवर एक इंजिनिअरिंगचा पोरगा, कॅहोनवर, म्हणजे ज्यावर बसून हातांनी वाजवतात त्या लाकडी खोक्यावर, माझा चुलतभाऊ, आणि सॅक्सवर एक दादा. दादा वीस वर्षं ब्रास बँडमधून वरातीत वाजवतात. दम असा की बिंदू चौकात फुंकलं तर रंकाळ्यावरचा भेळवाला मान वर करेल.

अडचण अशी की दादांचा सोलो सुरू झाला की माझ्या हातांचं काय करायचं ते मला कळत नाही. मी दोन्ही हातांनी कॉर्ड धरून ठेवतो, खाली स्ट्रिंग्जचा पॅड, म्हणजे व्हायोलिनसारखा लांबवलेला आवाज, लावतो, रिकामं वाटू नये म्हणून मधेमधे तुकडे टाकतो. गेल्या शनिवारी ब्रेकमध्ये दादा म्हणाले, "लेका, मी बोलाय लागलो की तूपण बोलतोस. एसटीत बसल्यागत वाटतंय." बेसवाला काही बोलला नाही, पण हसला. ते जास्त लागलं.

यूट्यूबवर सगळे सोलो कसा घ्यायचा तेच शिकवतात. दुसऱ्याच्या सोलोत काय करायचं हे कुणी सांगत नाही. ऐकायचं तर काय ऐकू? चारच दिवस आहेत.

तांबडा_पांढरा

भावा, नाद खुळा! कोल्हापुरात जॅझ म्हणजे मिसळीवर चीज, पण होऊ दे. कीथ जॅरेटचा कोल्नचा कार्यक्रम ऐक, १९७५चा. अठरा वर्षांच्या पोरीने आयोजन केलेलं, भलताच पियानो स्टेजवर आला, धड वाजत नव्हता, तरी गड्याने तासभर जागेवर रचून वाजवलं. ऐकून अंगावर काटा येतो. बाकी टेन्शन घेऊ नको, कॅफेत कोण ऐकतंय.

जुना_अपराइट

कोल्न चांगलंच आहे, पण या पोराच्या उपयोगाचं नाही. तिथे जॅरेट एकटा बसलाय. ह्याची अडचण चौघांत बसायची आहे. आणि त्या खराब पियानोची गोष्ट जो तो सांगतो. मी चौतीस वर्षं मुंबईतल्या हॉटेलांतून पियानो वाजवला. खराब पियानो म्हणजे काय हे आम्हाला विचारा. एका ठिकाणी मधल्या सप्तकातला पंचम दाबला की खालीच राहायचा, करंगळीने उचकटून वर घ्यावा लागायचा. आमची रेकॉर्ड कुणी काढली नाही, एवढंच.

आता तुझं. तुझ्या दादांनी एका वाक्यात सांगितलंय ते मला शिकायला तीन वर्षं लागली. मी राजारामपुरीतला. पेटी शिकून मुंबईला गेलो, तुझ्यासारखाच. १९८४ साली एका हॉटेलच्या लाउंजमध्ये लागलो. बेसला साठीचे एक गोवेकर अंकल होते. ताजमध्ये चिक चॉकलेटचा ट्रंपेट प्रत्यक्ष ऐकलेला माणूस. तिसऱ्याच रात्री गाणं चालू असताना त्यांनी वाजवायचं थांबवलं आणि बेसच्या खांद्यावर हात टाकून उभे राहिले. मला वाटलं तार तुटली. सेट संपल्यावर म्हणाले, "मॅन, बेस पण तूच वाजवतोस, तर मी घरी जातो ना."

माझा डावा हात खाली सा-प, सा-प आपटत होता. पेटीवर तो हात भात्याला असतो. पियानोवर मोकळा मिळाला की पहिल्यांदा माणूस खर्ज झोडतो. दुसऱ्या दिवशी अंकलनी मला डावा हात मांडीखाली घेऊन बसायला लावलं. अख्खा पहिला सेट. मॅनेजर दोनदा येऊन बघून गेला, हाताला काही लागलंय का म्हणून. त्या रात्री मी पहिल्यांदा बेस ऐकला. तोपर्यंत तीन रात्री माणूस माझ्यापासून चार फुटांवर वाजवत होता आणि मी ऐकलाच नव्हता.

तेव्हा शनिवारपर्यंत एवढं कर. स्ट्रिंग्जचा पॅड काढून टाक. साधा पियानोचा आवाज लाव. बारा बारचा ब्लूज घे, पांढरी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या पहिल्या पांढऱ्या पट्टीला सा धरून. बारा बार म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रा, तीनतालाची तीन आवर्तनं समज. पहिल्या कॉर्डला फक्त दोन सूर धर, पांढरी तीन आणि काळी पाच. म्हणजे त्या कॉर्डचा गंधार आणि कोमल निषाद. सा नाही, पंचम नाही. ते बेसवाल्या पोराचं राज्य. पाचव्या बारला कॉर्ड बदलतो, तेव्हा दोन्ही बोटं अर्धा सूर खाली सरकव: काळी दोन आणि पांढरी सहा. सातव्याला परत जागेवर. नवव्याला मूळ जागेहून अर्धा सूर वर: पांढरी चार, पांढरी सात. दहाव्याला खाली, अकराव्या-बाराव्याला घरी. झाला ब्लूज. दोन बोटं, आणि कुठल्याच बोटाला मूळ जागेपासून अर्ध्या सुरापलीकडे जावं लागत नाही. हे पहिल्यांदा उमगलं तेव्हा मी रात्री एकला उठून घरात दिवा लावून परत करून बघितलं होतं, खरंच इतकं सोपं आहे का म्हणून.

आणि ते दोन सूर धरून ठेवू नकोस. टाक आणि उचल. दादा श्वास घेतील तिथे एखादा टाक. वरातीत वाजवणारा माणूस आहे, श्वास कुठे घेतो ते त्याच्या खांद्यावरून कळेल. पाठ करून बसू नकोस, खांद्याकडे बघ.

ऐकायचं म्हणशील तर आधी 'बॅग्स ग्रूव्ह', १९५४च्या नाताळच्या आदल्या दिवशी रेकॉर्ड झालेलं. अकरा मिनिटांचा पहिला टेक. ट्रंपेटवर माइल्स डेव्हिस, व्हायब्राफोनवर, म्हणजे काठीने वाजवायच्या धातूच्या पट्ट्यांवर, मिल्ट जॅक्सन, पियानोवर थेलोनियस मंक. माइल्सने मंकला सांगून ठेवलं होतं, मी वाजवताना मागे वाजवायचं नाही. मंकसारख्या माणसाला! म्हणून माइल्सच्या सोलोत मागे पियानो नाहीच, नुसता बेस आणि ड्रम. मग जॅक्सन सुरू होतो आणि मंक आत येतो. ती येण्याची जागा दहा वेळा ऐक. पियानो नसताना किती जागा होती ते पियानो आल्यावर कळतं. हाही ब्लूजच आहे, पांढरी चारमध्ये. आणि तुझं नाव वाचून सांगतो, ट्रान्सपोजचं बटण दाबू नकोस. बोटांनी शोध.

दुसरं, अहमद जमाल. शिकागोच्या पर्शिंग हॉटेलच्या लाउंजमध्ये जानेवारी १९५८मध्ये रेकॉर्ड झालेलं. त्यातलं 'पॉइन्सियाना' ऐक. आठ मिनिटं ड्रमवाला व्हर्नेल फोर्निए एक चाल धरून बसलाय आणि जमाल मधेच दोन सूर टाकून गप्प बसतो. हॉटेलातला पियानोवाला, खाली गिऱ्हाईक बसलेलं, आणि तो गप्प बसतो! मी हे अंकलच्या घरी ऐकलं तेव्हा म्हटलं, ह्याला मॅनेजर काही बोलत नसेल का? आमच्याकडे चार बार हात थांबला की काउंटरवरून भुवया वर जायच्या.

काळी_दोन

अपराइट काका, वाचून बरं वाटलं. मीही राजारामपुरीचाच, पेटीची साथ करतो, देवल क्लबात बैठका ऐकत वाढलो. पण एक गोष्ट अडते, म्हणून लिहितो.

तुम्ही साथ म्हणजे जागा सोडणं म्हणताय. ख्यालाच्या साथीत उलट आहे. आम्ही गायकाच्या अर्धी मात्रा मागून तीच वाट चालतो, सावलीसारखे. गायक थांबला की त्याच्या शेवटच्या सुरांचा तुकडा हलकेच परत ठेवतो, तेवढ्यात त्याचा श्वास होतो. आम्ही गप्प बसलो तर बुवा वळून बघतात, पेटीवाला झोपला का म्हणून. दुसरं असं, तुमच्या पियानोवाल्याला पुढच्या बारला कुठला कॉर्ड येणार हे ठाऊक असतं. आम्हाला पुढची तान कुठे जाणार याचा पत्ता नसतो. त्यातून अल्लादिया खाँसाहेबांच्या जयपूर घराण्याचं गाणं असेल तर विचारूच नका. जोडराग, वक्र चाल, एक तान सरळ उतरेल तर शपथ. तेव्हा ह्या पोराला दोन सूर धरून गप्प बस सांगणं सोपं. पेटीवरून आलेल्या बोटांना ते जमणं अवघड. सात वर्षांची सवय नाही, लहानपणापासूनची आहे.

ठेक्याचं मात्र पटलं. जयपूरवाल्यांना तबला सरळ लागतो. ठेका सोडून तबलजी सजवायला लागला की गाणाऱ्याच्या कपाळावर आठी. तुमच्या अंकलचं तेच दुःख.

जाता जाता: १९७७च्या व्हॉयेजर यानांवर जी सोन्याची तबकडी आहे, तिच्यावर केसरबाई केरकरांची 'जात कहाँ हो' ही भैरवी आहे आणि लुई आर्मस्ट्राँगचं 'मेलन्कली ब्लूज'ही आहे. म्हणजे तुमचं आणि आमचं एकाच गाडीतून चाललंय. ताराबाई पार्कात जमायला हरकत नाही.

जुना_अपराइट

काळी_दोन, मान्य. पेटीवाल्या गोविंदराव टेंब्यांच्या गावात पेटीवाल्याला साथ म्हणजे काय हे सांगायला गेलो, चुकलं. सावलीचं म्हणता ते खरं. आमच्यात पियानोवाल्याने सॅक्सच्या मागोमाग तेच सूर वाजवले तर चिडवल्यासारखं वाटतं. पोरा, तुझे 'मधेमधे तुकडे' हे पेटीचे आहेत. ते बंद कर. सॅक्सवाल्याच्या श्वासात सूर टाक म्हणालो, त्याचेच सूर परत म्हणून दाखवू नकोस.

तुमच्या नावावरून मात्र एक सांगायलाच पाहिजे. माइल्सचं १९५९चं 'काइंड ऑफ ब्लू' आहे ना, त्यातलं पहिलं, 'सो व्हॉट'. बत्तीस बारचं चक्र. पहिले सोळा बार काफी थाट, पांढरी दोनमधून. मग आठ बार तोच थाट काळी दोनमधून, तुमच्या पट्टीत. मग आठ बार परत पांढरी दोन. बस. पियानोवर बिल एव्हान्स. तुम्ही पेटीवर घ्याच, पंधरा मिनिटांत आत शिराल. मधल्या आठ बारला अर्धा सूर चढल्यावर असं वाटतं की कुणी खिडकी उघडली, आणि सवय होतेय तोवर बंद.

ह्या रेकॉर्डने मला सहा महिने छळलं. १९८६मध्ये शेजारच्या पारशी काकांच्या एलपीवरून कॅसेट भरून घेतली. पियानोवर सोबत वाजवायला बसलो तर जुळेना. पांढरी दोन लावली तर रेकॉर्ड वर, काळी दोन लावली तर रेकॉर्ड खाली. मधेच कुठेतरी. मला वाटलं पियानो उतरला. ट्यूनर बोलावला. त्याने फोर्क लावला, ऐकलं, फी घेतली आणि म्हणाला, "पियानो बरोबर आहे, तुमची टेप चढी आहे." मग टेपरेकॉर्डर घेऊन लॅमिंग्टन रोडला गेलो. तिथल्या पोराने आतला स्क्रू बारीक फिरवून स्पीड उतरवून दिला. घरी येऊन लावलं तर 'सो व्हॉट' बरोब्बर. आनंदाने कॅसेट उलटली, 'ऑल ब्लूज' लावलं, तर ते पाव सुराने उतरलं! परत लॅमिंग्टन रोड. त्या पोराने मला दारातूनच हात जोडले.

पुढे नव्वदच्या दशकात सीडी आल्यावर उलगडलं. दोन मार्चच्या सेशनला टेप मशीन जरा हळू चाललेलं, म्हणून पहिली बाजू वाजवताना चढी यायची. दुसरी बाजू बावीस एप्रिलची, ती ठीक होती. जवळजवळ तेहतीस वर्षं जगभर ती बाजू चढीच विकली गेली. १९९२च्या आवृत्तीत दुरुस्त केली. ट्यूनरला दिलेले पैसे मी कुणाकडे मागू?

तेव्हापासून रेकॉर्डवर माझा विश्वास आहे, पण डोळे मिटून नाही. ड्यूक एलिंग्टनचं न्यूपोर्टच्या जॅझ महोत्सवातलं १९५६चं रेकॉर्डिंग घ्या. पॉल गोन्साल्व्हिसने टेनर सॅक्सवर सलग सत्तावीस कोरस (कोरस म्हणजे गाण्याचं एक पूर्ण चक्र) घेतले, लोक खुर्च्यांवरून उठले. पण गडी वाजवत होता चुकीच्या माइकसमोर. तो माइक रेडिओवाल्यांचा, रेकॉर्ड कंपनीचा नव्हे. म्हणून जुन्या एलपीवर तो लांब कुठेतरी वाजवल्यासारखा येतो, आणि त्या एलपीचा बराच भाग तर नंतर स्टुडिओत वाजवून वर टाळ्या चिकटवलेला. रेडिओची टेप पुढे सापडली, दोन्ही जोडून १९९९मध्ये खरं न्यूपोर्ट बाहेर आलं. तुझ्या दादांना हे ऐकव. सत्तावीस कोरस. आणि त्याखाली बेस आणि ड्रम काय करतायत ते तुझ्या चुलतभावाला ऐकव, कारण खरा घाम त्यांचा आहे.

मुंबईत मी पियानोवाले लुई बँक्सना समोर बसून पुष्कळ ऐकलं. रंगभवनात जॅझ यात्रा व्हायची. १९७८ची पहिली माझी हुकली, सॅक्सवाला सॉनी रॉलिन्स येऊन वाजवून गेला आणि मी इथे दहावीच्या पुस्तकात डोकं घालून. नंतरच्या मात्र सोडल्या नाहीत. मागच्या रांगेत बसायचो, जिथून पियानोवाल्याचे हात दिसायचे नाहीत. हात दिसले की माणूस बघत बसतो, ऐकत नाही.

तांबडा_पांढरा म्हणाला, कॅफेत कोण ऐकतंय. बाळा, बिल एव्हान्स त्रिकुटाचं व्हिलेज व्हॅनगार्डमधलं रेकॉर्डिंग काढ, २५ जून १९६१, रविवार. न्यूयॉर्कचं तळघर. मागे ग्लास किणकिणतायत, लोक गप्पा मारतायत, कुणीतरी हसतंय. ज्या दिवसाला आज सगळे पियानोवाले हात जोडतात त्या दिवशी समोरचे अर्धे लोक जेवत होते. पहिल्याच गाण्यात लाईट गेली; पूर्ण संचात ते तसंच ठेवलंय, गाणं मधेच तुटतं. आपल्याकडच्या माणसाला ते ऐकून एकदम घरचं वाटतं.

तिथे एव्हान्सचा डावा हात ऐक. बहुतेक कॉर्डांत 'सा' नाहीच. ती खालची सगळी जमीन स्कॉट लाफारोच्या बेसला दिलेली, आणि तो पोरगा त्या जमिनीवर नुसता चालत नाही, पळतो, उड्या मारतो, पियानोला उलट उत्तर देतो. पंचवीस वर्षांचा होता. अकरा दिवसांनी मोटार अपघातात गेला. एव्हान्स पुढे कित्येक महिने लोकांसमोर वाजवायला बसला नाही. माझे अंकल १९९१ला गेले, तेव्हा मी दुसऱ्या दिवशी कामावर होतो, त्यांच्या जागी नवा बेसवाला. चांगला होता. पण माझा डावा हात तीन-चार महिने खाली उतरला की मधेच थबकायचा, कुणीतरी बघतंय म्हणून.

असो. इथे पाऊस लागलाय. पियानोच्या पोटात पंधराचा बल्ब लावून ठेवलाय, नाहीतर सादळून पट्ट्या अडकतात. कोल्हापुरात पियानो पाळणं म्हणजे म्हैस पाळणं. दूध देत नाही, एवढाच फरक.

ट्रान्सपोज_प्लस_एक

काका, काळी_दोन दादा, शनिवार झाला. सांगतो.

पहिला सेट डावा हात मांडीखाली. मुंग्या आल्या. दोन बोटांचा ब्लूज उजव्या हाताने वाजवला. पहिल्या चक्रात सॅक्सदादांनी वळून माझ्याकडे नाही, प्लगकडे बघितलं. त्यांना वाटलं कीबोर्डची लाईट गेली. मग बेसवाला पोरगा ऐकू यायला लागला. इतके दिवस तो एकच गोष्ट वाजवतोय असं मला वाटायचं. नव्हतं तसं. नवव्या बारला जाताना तो खालून एक चढण घेतो, आणि विचारलं तर म्हणतो, पहिल्या शनिवारपासून घेतोय.

खांद्याचं तुमचं एकदम बरोबर. दादा श्वास घ्यायच्या आधी उजवा खांदा उचलतात. चार वेळा बरोब्बर तिथे सूर टाकला, पाचव्यांदा चुकला, त्यांनी खांदा नुसता खाजवला होता. मधे एका काकूंनी 'लग जा गले' मागितलं, ते वाजवलं. मालक म्हणाला, जॅझ आज जास्त आवडलं. तेच गाणं धरून म्हणाला की काय, माहीत नाही.

'बॅग्स ग्रूव्ह' रोज ऐकतोय. माइल्सच्या मागे पियानो नाही, कळलं. मंक आत येतो तेही कळलं. पण एक बारीक शंका राहिली. सॅक्सदादा म्हणालेत, पुढच्या शनिवारी पहिले दोन कोरस तूपण वाजवू नकोस, नुसता बेस पाहिजे. मग तेवढा वेळ मी स्टुलावर बसून हात कुठे ठेवू? समोर लोक असतात.

जुना_अपराइट

मांडीवर. आणि फोन बघू नकोस.